सात पस्तीसची नोंद

आई गेली त्या वर्षीच्या जूनपासून ल्येर्का केसपेपरवर जास्त लिहायला लागली, आणि वॉर्डातल्या बाकीच्यांना ते जड जाऊ लागलं.

त्याआधी बावीस वर्षं तिने सगळ्यांसारखंच लिहिलं होतं. द्रावा नदीकाठच्या त्या लहानशा हॉस्पिटलात मेडिसिनच्या वॉर्डात एकतीस खाटा, बारा तासांची पाळी, आणि पाळी संपताना प्रत्येक केसपेपरवर एक ओळ टाकायची. पाय सुजलेले, सातला पाच कमी, बाहेर बस उभी. अशा वेळी माणूस वरची ओळ बघतो आणि खाली तीच उतरवतो. ‘विशेष काही नाही.’ फार उत्साह असला तर ‘झोप शांत, जेवण पूर्ण.’ ही वाक्यं त्या वॉर्डात पहिल्यांदा कुणी लिहिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या बाई केव्हाच निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतील, पण वाक्यं अजून नोकरीत होती.

मग आई आजारी पडली. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात एकोणीस दिवस होती. ल्येर्का सुट्टीच्या दिवशी आगगाडीने जाऊन यायची. शेवटच्या दिवशी ती इथे पाळीवर होती. दोन महिन्यांनी तिने रीतसर अर्ज करून केसपेपरची प्रत मागवली. कुणाची चूक काढायची नव्हती. शेवटच्या सकाळी आई जागी होती का, काही खाल्लं का, कुणाशी दोन शब्द बोलली का, एवढंच बघायचं होतं. एकोणीस दिवसांच्या अडतीस नोंदी होत्या. सदतीस वेळा ‘विशेष काही नाही’, आणि अडतिसाव्या नोंदीत फक्त वेळ.

चिडावं तर कुणावर? अक्षर परकं होतं, वाक्य तिचंच होतं.

तेव्हापासून ती प्रत्येक माणसाबद्दल दर पाळीत एक तरी अशी गोष्ट लिहायची, जी खाटेपाशी गेल्याशिवाय कळणार नाही. ‘खिडकीकडे तोंड करूनच झोप लागते, कूस बदलली की दुखतं.’ ‘सूप परत पाठवलं. मुलगा आल्यावर तेच सूप संपवलं.’ ‘पाय दुखत नाही म्हणतो, पण जिना बघून थांबला.’

“कादंबरी लिहितेयस का गं?” नेवेंका विचारायची. “छापून आली की मला एक प्रत दे. सही करून.”

नेवेंका वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. दोघी नर्सिंगच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या, त्यामुळे नेवेंका तिला बोलायची ते मैत्रीण म्हणून की इन्चार्ज म्हणून, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नसे. डॉक्टर प्रपिच मात्र हल्ली राउंडला आले की आधी ल्येर्काची नोंद शोधायचे, आणि हे नेवेंकाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

नोव्हेंबरात पत्र आलं. पुढच्या गुरुवारी तपासणी. केसपेपर कसे लिहिले जातात ते बघायला बाहेरून बाई येणार, वाटेल ते पंधरा उचलणार, शंभरपैकी मार्क देणार. सत्तरच्या खाली गेलं तर नापास. सगळ्या वॉर्डाचं धाबं दणाणलं.

“सगळ्यांच्या नोंदी एका सुरात हव्यात,” नेवेंकाने ल्येर्काला बजावलं. “बाकीच्या पाच जणी एक लिहितात आणि तू वेगळंच काहीतरी. बघणाऱ्याला वाटेल की पाच जणी आंधळ्या आहेत. तुझ्यापायी मार्क गेले ना, तर तुला ओपीडीच्या खिडकीत बसवीन. दिवसभर नंबर वाटत बस.”

ल्येर्काला खिडकीची खरोखर भीती वाटली. तिथे काचेपलीकडे माणूस येतो, त्याला नंबर द्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची. त्याच्याबद्दल काही लिहायचं नसतं, कारण काही कळतच नाही. नुकतं कुठे तिला हे काम नव्याने करावंसं वाटू लागलं होतं. ते सोडून तिकडे जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात इंब्राकाकांचं प्रकरण झालं.

इंब्राकाका खाट सातवर. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय थकलेलं, बीपी चढतं, मीठ पूर्ण बंद. आता, थंडी पडली की त्या भागात घराघरात डुक्कर मारण्याचा दिवस ठरतो. शेजारीपाजारी जमतात, दिवसभर काम चालतं, वर्षाची सॉसेजेस भरली जातात. आणि इंब्राकाकांच्या गावात गेली चाळीस वर्षं मिश्रणात मीठ किती, लसूण किती, लाल तिखट किती हे त्यांच्या जिभेवर ठरत होतं. त्यांनी चाखून मान हलवली की मगच भरायला सुरुवात. यंदा दिवस ठरला शनिवारचा. काकांनी डॉक्टरांकडे एका दिवसाची सुट्टी मागितली. डॉक्टर म्हणाले, “तुमचं बीपी आणि वर सॉसेज? माझी नोकरी जायची आहे का?” काका गप्प बसले. ते गप्प बसले तेव्हाच कुणीतरी ओळखायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी सातला ल्येर्काची पाळी सुरू झाली. दिवसपाळीच्या सिस्टरने घाईघाईत एकतीस खाटा वाचून दाखवल्या. “सात नंबर, इंब्रा. विशेष काही नाही.” आणि ती बससाठी पळाली.

ल्येर्का गोळ्या घेऊन सात नंबरपाशी गेली. पांघरूण डोक्यापर्यंत ओढलेलं. “काका,” तिने हाक मारली. “इंब्राकाका, उठा, गोळी घ्या.” तिने पांघरूण उचललं. आत एक उशी होती, तिच्याखाली गुंडाळलेला गाऊन. कपाटावर पाण्याच्या बाटलीमागे गोळ्यांचे तीन छोटे पेले ओळीने मांडलेले, जसेच्या तसे.

शेजारच्या खाटेवर व्हालेंट नावाचे गृहस्थ होते. ते छताकडे बघत होते.

“काका कुठे आहेत?” ल्येर्काने विचारलं.

“बाथरूममध्ये.”

“कधीपासून?”

व्हालेंटनी जरा विचार केला. “शनिवारपासून,” ते म्हणाले. त्यांना खोटं बोलायचा फारसा सराव नसावा.

“आणि त्यांचं जेवण कुणी खाल्लं?”

“अन्न टाकून देऊ नये, असं आमची आई सांगायची.”

ती फोनकडे धावणार एवढ्यात दार उघडलं आणि इंब्राकाका स्वतःच आत आले. अंगात पायजम्यावर जाड कोट, डोक्यावर टोपी, सोबत धुराचा आणि लसणाचा भपकारा. गाल लालबुंद.

“तू आहेस होय, पोरी!” ते म्हणाले. “देव पावला. दुसरी कुणी असती तर ओरडली असती.”

“मीही ओरडणार आहे. आधी बसा. हात पुढे करा. काका, दोन दिवस! तुम्ही रस्त्यात पडला असता तर?”

“बसमध्ये कसा पडेन? बसायला जागा मिळाली.” हाताला पट्टा गुंडाळून घेता घेता ते सांगत होते. “जावयाने मीठ घातलं होतं अंदाजाने. अंदाजाने! मी चाखलं आणि म्हटलं, हे सॉसेज आहे की इस्पितळातला रस्सा? वेळेवर पोचलो म्हणून गावाची अब्रू राहिली.”

“तुम्ही मीठ चाखलंत?”

“कच्चं चाखून थुंकलं. मला डॉक्टरांचं ऐकायचं होतं ना.”

“आणि भाजलेलं?”

काका एकदम टोपी नीट करू लागले. “भाजलेलं कुणी थुंकतं का, पोरी?”

बीपी एकशे पंच्याण्णव होतं. तिने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघितलं, औषध दिलं, काकांना झोपवलं. मग ती केसपेपर घेऊन बसली. वरच्या तीन ओळींत तीन वेगवेगळी अक्षरं होती. शनिवार दिवस: विशेष काही नाही, जेवण पूर्ण. शनिवार रात्र: झोप शांत. रविवार दिवस: विशेष काही नाही, जेवण पूर्ण, गोळ्या घेतल्या. त्याखाली तिने लिहिलं:

‘सायंकाळी ७.३५. रुग्ण घरून परत आला. शनिवार सकाळपासून वॉर्डात नव्हता. गोळ्यांचे तीन डोस खाटेशेजारी तसेच सापडले. बीपी १९५/११०. ड्युटी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी तपासलं. सॉसेजचं मीठ बघायला गेला होता. कच्चं चाखून थुंकलं म्हणतो, भाजलेलं थुंकलं नाही. दम लागत नाही. छातीत दुखत नाही. खूश आहे.’

सोमवारी सकाळी डॉक्टर प्रपिच राउंडला आले. बीपीचा आकडा बघून त्यांनी गोळी दुप्पट करायला पेन उघडलंही होतं. मग सवयीने त्यांनी ल्येर्काची नोंद शोधली, वाचली, पुन्हा वाचली, आणि पेनाचं टोपण लावलं.

“गोळी बिचारी काय करणार,” ते म्हणाले. “ती पोटात गेलीच नाही. आहे तोच डोस चालू ठेवा. आणि इंब्रा, तुमचे बूट मी माझ्या कपाटात ठेवतोय.”

मंगळवारी नेवेंकाने ल्येर्काला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. टेबलावर इंब्राकाकांचं पान होतं, आणि शेजारी त्याच आठवड्याचं नवं पान, अर्धं भरलेलं. सगळ्या नोंदी पुन्हा उतरवलेल्या, जिच्या तिच्या अक्षरात. फक्त रविवार रात्रीचा रकाना मोकळा होता.

“सगळ्यांनी आपापलं लिहिलंय,” नेवेंका म्हणाली. “तुझ्यापुरता सोडलाय. बीपी लिही, डॉक्टरांना कळवलं म्हणून लिही. आला, गेला, थुंकला ते नको.”

“मग बीपी कशाने चढलं?”

“म्हाताऱ्या माणसाचं चढतं! ल्येर्का, डोकं लढव जरा. तुझी ती एक ओळ वरच्या तीन ओळींना खोटं पाडतेय. शनिवारची रात्र कुणाची होती माहितेय? दुन्याची. तिचं कंत्राट जानेवारीत संपतंय, घरी दोन लहान मुलं. तिने उशीला बघून ‘झोप शांत’ लिहिलंय, हे त्या बाईला कळलं तर?”

हे ल्येर्काने हिशेबात धरलेलं नव्हतं. दुन्या चांगली पोरगी होती, हलक्या हाताची. तिच्याकडून सुई टोचून घ्यायला लोक थांबून राहायचे. ल्येर्काने पेन उचललं. मोकळ्या रकान्याच्या दोन ओळी वर दुन्याचं गोल अक्षर होतं: झोप शांत. ते तिने बराच वेळ बघितलं, आणि पेन खाली ठेवलं.

“नेवेंका, आईच्या पेपरवर अडतीस नोंदी होत्या,” ती म्हणाली. “त्यातल्या एकीने जरी काही बघून लिहिलं असतं ना, तर तिचं नाव शोधून मी तिला फुलं नेली असती.”

नेवेंका आईच्या मातीला आली होती.

“मी हे पुन्हा लिहिणार नाही. खिडकीत बसव हवं तर. दुन्याला मी आज सांगते, ती माझ्यावर चिडली तर चिडू दे. आणि तुला रकाना भरायचाच असला तर तू भर.”

नेवेंकाने दोन्ही पानं ओढून घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली. “जा. चार नंबरचं सलाईन संपलंय,” ती म्हणाली. त्यात मैत्रीण किती आणि इन्चार्ज किती, ते ल्येर्काला शेवटच्या शब्दानंतरही कळलं नाही.

गुरुवारी तपासणीच्या कोस बाई आल्या. बुटक्या, चष्मा गळ्यात, स्वतःचा चहा स्वतःच्या थर्मासात. त्यांनी टेबल मागितलं, खुर्ची मागितली, आणि वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर जवळपास राहाव्यात अशी इच्छा सांगितली. पंधरा केसपेपर उचलले. पाचवा सात नंबरचा होता. आत कुठलं पान आहे, ते ल्येर्काला माहीत नव्हतं. तिने नेवेंकाकडे बघितलं. नेवेंका पडद्याच्या कड्या मोजत होती.

कोस बाई वाचत गेल्या. एका जागी थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“‘रुग्ण घरून परत आला,’” त्यांनी मोठ्याने वाचलं.

ल्येर्काने श्वास सोडला. जुनंच पान होतं.

“वर तीन पाळ्या हा माणूस इथे झोपतोय, जेवतोय, गोळ्या घेतोय,” कोस बाई म्हणाल्या. “आणि खाली तो घरून येतोय. हे इंब्रा कोण?”

“मी!” कॉरिडॉरमधून आवाज आला. इंब्राकाका सपाता ओढत दारात हजर. अर्धा तास तिथेच घुटमळत असणार. “काय लिहिलंय माझ्याबद्दल?”

“शनिवारी दुपारी तुम्ही पूर्ण जेवलात, असं लिहिलंय.”

“इथलं?” काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “ती उकडलेली कोबी? बिनमिठाची? बाई, मला गावात मान आहे. हे बाहेर कुणाला कळलं तर माझ्या जिभेवर कोण विश्वास ठेवेल? ते खोडा आधी. मी शनिवारी भाजलेली कलेजी खाल्ली. लिहा, कलेजी.”

“ती कोबी मी खाल्ली,” आतून व्हालेंटचा आवाज आला. “बरी होती.”

कोस बाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबायला की राग, ते कळायला मार्ग नव्हता. “आणि ‘झोप शांत’?” त्यांनी विचारलं.

मग दुन्या पुढे आली. मंगळवारी ल्येर्काने तिला सगळं सांगितलं होतं, तेव्हापासून ती ल्येर्काशी बोलली नव्हती. आताही तिने तिच्याकडे बघितलं नाही.

“ते माझं आहे,” ती म्हणाली. “मी दारातून बघितलं. पांघरूण होतं, खाली कुणीतरी आहे असं वाटलं. ती उशी होती. उशी मात्र शांत झोपली होती बाई, ते खोटं नाही.”

इंब्राकाका खो खो हसले. दुन्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तीही हसत होती.

“त्या रात्री तुम्ही किती जणी होतात?”

“दोघी.”

“आणि खाटा?”

“एकतीस.”

कोस बाईंनी आपल्या वहीत दोन लिहिलं, एकतीस लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. मग त्यांनी डॉक्टर प्रपिचना बोलावून घेतलं. “सोमवारी एवढं बीपी असून तुम्ही डोस वाढवला नाहीत. का?”

“वाढवणार होतो,” डॉक्टर म्हणाले, “तेवढ्यात ही नोंद वाचली. गोळ्या घेतलेल्याच नव्हत्या. डोस दुप्पट केला असता तर मंगळवारी हे आजोबा चक्कर येऊन पडलेले सापडले असते. आज एकशे चाळीस आहे. त्याच डोसवर.”

“मंगळवारी मी पत्ते जिंकलो,” काकांनी माहिती दिली.

संध्याकाळी निकाल लागला. शंभरपैकी अठ्ठावन्न. वॉर्ड नापास, तीन महिन्यांनी फेरतपासणी. कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. शेवटी एक सूचना होती, एकतीस खाटांना रात्री दोन सिस्टर पुरत नाहीत, हे व्यवस्थापनाला लेखी कळवावं. आणि थर्मास पिशवीत घालता घालता कोस बाईंनी नेवेंकाला सांगितलं होतं, की ती सात पस्तीसची नोंद जिने लिहिली, तिने बाकीच्यांना शिकवावं.

“अठ्ठावन्न,” नेवेंका खोलीत येऊन धपकन बसली. “शाळेत असतानासुद्धा मला अठ्ठावन्न कधी पडले नव्हते.”

“भूगोलात पडले होते,” ल्येर्का म्हणाली. “तू ते दुसरं पान का नाही लावलंस?”

“रकाना भरायला बसले होते. बुधवारी, सगळे गेल्यावर. तुझं अक्षर जमेना.” नेवेंकाने बूट काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकले. “कोंबडीने पाय फिरवल्यासारखं आहे ते. कुणाला जमणार?”

ल्येर्काने आपला चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

“ओपीडीची खिडकी विसर,” नेवेंका म्हणाली. “फेब्रुवारीपर्यंत तुला सुट्टीसुद्धा नाही. सोमवारी दुपारी सगळ्यांना बसव आणि शिकव काय ते. मीही बसेन. पण भाषण देऊ नकोस, मला झोप येते.”

सोमवारी दुपारी सगळ्या जमल्या. दुन्या शेवटच्या खुर्चीत, अजून जराशी फुगलेली, पण आली होती. सगळ्यांनी वह्या उघडल्या. ल्येर्काने त्या बंद करायला लावल्या आणि पेनं गोळा केली.

“एकेकीने एकेका खाटेपाशी जा,” ती म्हणाली. “दहा मिनिटं. काही करू नका, बीपी नाही, गोळी नाही. बसा नुसत्या. परत येऊन मला एक गोष्ट सांगा, जी तुम्हाला आधी माहीत नव्हती.”

“एवढंच?” नेवेंका म्हणाली. “याला शिकवणं म्हणतात?” पण उठली. तिच्या वाट्याला व्हालेंट आले.

बाकीच्या दहा मिनिटांत परतल्या. दुन्या सगळ्यात आधी, आणि बसायच्या आधीच बोलायला लागली, अकरा नंबरच्या आजी पाणी का पीत नाहीत ते कळलं होतं. ग्लास जड होता, त्यांना उचलवत नव्हता, आणि सांगायची लाज वाटत होती. ती थेट ल्येर्काकडे बघून बोलत होती.

नेवेंका मात्र अर्धा तास झाला तरी येईना. आली ती केसांतून हात फिरवत.

“काय मिळालं?” ल्येर्काने विचारलं.

“त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही,” नेवेंका म्हणाली. “अजिबात. आणि मी तीन आठवडे रोज त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून ओरडतेय, साखर खाऊ नका, साखर खाऊ नका! तो म्हणतो, तुम्ही रोज येऊन इतकं प्रेमाने हात हलवता, मला वाटलं विचारपूस करताय.”

सगळ्या हसायला लागल्या. नेवेंकाने हात पुढे केला.

“हसू नका. ल्येर्का, माझं पेन दे. हे लिहायचं कुठे? कानाचा रकानाच नाही या पानावर.”

“समासात लिही,” ल्येर्का म्हणाली, “आणि खाट फिरवून घे, म्हणजे डावा कान दाराकडे येईल.”

“खाट फिरवायला दोघी लागतील,” नेवेंका म्हणाली. “चल.”